तंबाखू, कोकेन आणि मेंदूचा देठ

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्ग आणि त्याला समांतर जाणारा लोहमार्ग ओलांडला म्हणजे मनीषनगर ही वस्ती लागते. सकाळीं दूधवाला, वर्तमानपत्रवाला आणि पानठेलेवाला हे तिघे तेथें जवळजवळ बरोबरच कामास लागतात. पानठेल्यावर पहिलें गिऱ्हाईक येऊन उभें राहतें. पानठेलेवाला प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घेतो, पाण्याचे दोनचार थेंब शिंपडतो, आणि त्याची घडी करून तें सारें तळहाताखालीं जोरानें घोटूं लागतो. विदर्भांत यालाच खर्रा म्हणतात. खर्रा घोटून होईपर्यंत गिऱ्हाईक फारसें बोलत नाहीं. चिमूटभर खर्रा गालांत गेला, थोडा वेळ लोटला, कीं त्याचा चेहरा सैल होतो आणि मग पावसापाण्याच्या गोष्टी सुरू होतात.

अशा गिऱ्हाइकांपैकीं पुष्कळांनीं घरीं एकदां तरी शपथ वाहिलेली असते. कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, कोणी देवापुढें, कोणी पत्नीच्या आजारपणांत. कांहीं दिवस जातात आणि शपथ मोडते. ती मोडली म्हणजे घरचीं माणसें त्याला दुबळा व खोटा म्हणतात, आणि तोहि स्वतःला तसाच समजूं लागतो. हा निवाडा कितपत न्यायाचा आहे, हें ठरविण्यासाठीं दोन इतिहास एकमेकांशेजारीं ठेवून पाहावे लागतात. एक आहे बाजाराचा आणि कायद्याचा. दुसरा आहे मेंदूच्या शोधाचा. पहिला सुमारें चारशें वर्षांचा आहे, तर दुसरा दोनशें वर्षांचाहि नाहीं.

खर्ऱ्यांतील सुपारी आणि चुना हे या देशाचे फार जुने सोबती होत. तंबाखू मात्र परकी. १४९२ सालीं कोलंबसाचे खलाशी अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले, तेव्हां तेथील लोक एका वनस्पतीचीं पानें पेटवून धूर ओढतांना त्यांना दिसले. पुढील शतकांत पोर्तुगीज गलबतांतून ही वनस्पति हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि तिच्या नांवांतहि पोर्तुगीजांचा उच्चार राहून गेला. दख्खनच्या दरबारांत ती लौकरच स्थिरावली. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग हा विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाकडे गेला होता. तेथें त्यानें तंबाखू प्रथम पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती आग्र्यास नेऊन बादशहापुढें ठेविली. अकबरानें कुतूहलानें एकदोन झुरके घेतले. दरबारच्या हकिमानें हरकत घेतली, कारण त्याच्या ग्रंथांत या वस्तूचा कोठेंच उल्लेख नव्हता. असदबेगाचें म्हणणें असें कीं, जगांतील प्रत्येक चाल केव्हांतरी नवीनच असते. बादशहानें स्वतः ती संवय लावून घेतली नाहीं. परंतु सरदारांनीं मागणी केली, व्यापाऱ्यांनीं ती पुरविली, आणि थोड्याच काळांत तंबाखू सर्वत्र पसरली.

ती पसरली तसा राज्यकर्त्यांचा रागहि वाढला. १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखू ओढण्यास मनाई केली. तिकडे इंग्लंडांत जेम्स राजानें १६०४ सालीं तंबाखूच्या निंदेची पुस्तिका स्वतः लिहिली, आणि त्याच वर्षीं एका पौंडावर दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. मनाई टिकली नाहीं, जकात मात्र टिकली. ज्या वस्तूची निंदा करावयाची तिच्यावरच तिजोरी भरावयाची, ही राज्यकारभाराची रीत तेव्हांपासून चालत आली आहे.

महाराष्ट्रांत तंबाखूनें नाना रूपें घेतलीं. शेतकऱ्याच्या कमरेला चंची आली, चावडीवर चिलीम फिरूं लागली, वाड्यांत गुडगुडी वाजूं लागली, शास्त्रीबुवांच्या बोटांत तपकिरीची चिमूट आली. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दांतांस लावण्याची चाल स्त्रियांत रुजली. तिला व्यसन असें कोणी म्हटलें नाहीं, दांत घांसण्याचाच तो एक प्रकार मानला गेला. तंबाखूची देवघेव ओळख वाढविण्याचें साधन झाली. अनोळखी वाटसरूनें चुन्याची डबी मागितली तर ती नाकारणें हा उद्धटपणा ठरे.

विदर्भांत तिचें नातें पोटापाण्याशींहि जडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मध्यप्रांतांतील जंगलांच्या तेंदूपानांत तंबाखू गुंडाळून विडी करण्याचा धंदा वाढूं लागला. भंडारा, गोंदिया, कामठी या भागांत घरोघर सूप मांडीवर घेऊन बायामाणसें विड्या वळूं लागलीं. स्वदेशीच्या चळवळींत विलायती सिगारेट मागें पडली, त्याचाहि विडीला फायदा झाला. या धंद्यांत ठेकेदाराकडून मजुरांची पिळवणूक होई. कामठीचे हरदास लक्ष्मण नगराळे (१९०४–१९३९) हे नागपूरकडील दलित चळवळीचे पुढारी. त्यांनीं विडी-मजुरांस संघटित करण्याचें काम केलें. १९४३ सालीं सरकारनें तंबाखूवर अबकारी कर बसविला, आणि १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. अशा रीतीनें शेतकरी, मजूर, व्यापारी आणि सरकार या चौघांच्याहि हिशेबांत तंबाखूला जागा मिळाली. ज्या वस्तूवर इतक्यांच्या चुली पेटतात, ती बंद करणें कोणत्याहि राज्यकर्त्यास सोपें जात नाहीं.

याच काळांत दुसरी एक अमेरिकन वनस्पति वेगळ्या वाटेनें येथें पोहोंचली. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या रहिवाशांत कोका नांवाच्या झुडपाचीं पानें चघळण्याची चाल शतकानुशतकें होती. तीं पानें ते नुसतीं खात नसत. चुना किंवा वनस्पतीची राख बरोबर घेत. विदर्भांतला माणूस तंबाखूस चुना लावतो आणि अँडीजमधला माणूस कोक्यास चुना लावतो, हा निव्वळ योगायोग नव्हे. दोन्ही पानांतील मादक द्रव्य चुन्यासारख्या क्षाराच्या संगतींत मोकळें होतें आणि गालाच्या आंतल्या नाजुक त्वचेंतून लौकर रक्तांत शिरतें. रसायनशास्त्राचें नांवहि ठाऊक नसलेल्या दोन दूरदूरच्या समाजांनीं अनुभवानें एकच युक्ति हुडकून काढली होती.

१८६० सालीं जर्मनींतील गटिंगेन येथें आल्बर्ट नीमान यानें कोक्याच्या पानांतून शुद्ध कोकेन वेगळें काढलें. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यानें तें डोळ्यांत घालून वेदनेवांचून शस्त्रक्रिया करतां येते हें दाखविलें. वैद्यकाला हें मोठेंच वरदान होतें. त्याच वर्षीं त्याचा स्नेही सिग्मंड फ्रॉइड यानें कोकेनची स्तुति करणारा निबंध लिहिला. पुढें त्याला त्याबद्दल पुष्कळ बोल खावे लागले. वीस वर्षांच्या आंत दवाखान्यांतील हें औषध मुंबई-कलकत्त्याच्या गल्ल्यांत पोहोंचलें. येथें तें टोंचून घेण्याची किंवा नाकानें ओढण्याची रीत फारशी रुजली नाहीं. येथल्या लोकांनीं तें आपल्या जुन्या ओळखीच्या वस्तूंत घातलें, म्हणजे विड्याच्या पानांत. पान, चुना आणि चिमूटभर कोकेन! जीभ बधिर होई, अंगांत तरतरी येई, आणि थोड्याच वेळांत पुन्हां पानाची ओढ लागे. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयांतील डॉ. रामनाथ चोप्रा यांनीं या व्यसनाचा अभ्यास करून १९३१ सालीं जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांत पानाबरोबर कोकेन खाण्याचीच रीत प्रामुख्यानें आढळते.

कोकेनच्या बाबतींत राज्यकर्त्यांनीं कसूर केली नाहीं. त्यांत कोणा शेतकऱ्याचें पीक नव्हतें, मजुराची रोजी नव्हती, आणि सरकारला सांगण्यासारखें उत्पन्नहि नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यावर निर्बंध आले. १९१२ च्या हेग येथील आंतरराष्ट्रीय करारांत अफूबरोबर कोकेनचाहि समावेश झाला. तरीहि चोरटा माल येतच राहिला. १९२० नंतरच्या वर्षांत जपानी बनावटीचें, फुजित्सुरु या शिक्क्याचें कोकेन हिंदी बंदरांत सांपडूं लागलें. १९३० सालीं सबंध देशासाठीं घातक औषधींचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानें पूर्वेकडील हा ओघ आटविला आणि पानांतील कोकेनचें व्यसन बव्हंशीं ओसरलें. पुढें १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानें शिक्षा फार कडक केल्या. महानगरांत कोकेन पकडल्याच्या बातम्या आजहि येतात, पण तो सामान्य पानठेल्यावरचा पदार्थ राहिलेला नाहीं.

अशा प्रकारें दोन वनस्पतींस दोन निरनिराळ्या वाटा मिळाल्या. एकीच्या वाट्यास तुरुंगाचा कायदा आला, दुसरीच्या वाट्यास कराची पावती. लोकांच्या मनांतहि हाच भेद मुरला. कोकेन घेणारा गुन्हेगार ठरला. तंबाखू खाणारा, फार तर, बेशिस्त. कोणीहि असें समजेल कीं, हा भेद त्या द्रव्यांच्या गुणांवरून पडला असावा. दोहोंचे धोके सारखे नाहींत हें खरें. कोकेनच्या एका मात्रेनेंहि हृदय बंद पडून माणूस दगावल्याचीं उदाहरणें आहेत. परंतु व्यसन जडण्याचें मूळ शरीरांत कोठें आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर निराळें येतें. तें उत्तर मिळण्यास मात्र फार वेळ लागला.

१८२८ सालीं हायडेलबर्ग येथें पोसेल्ट आणि रायमान या दोघांनीं तंबाखूंतून निकोटीन वेगळें काढलें. लिस्बन येथील फ्रेंच वकील झ्यां निको यानें सोळाव्या शतकांत तंबाखू फ्रान्सला पाठविली होती, त्याच्या नांवावरून हें नांव पडलें. केंब्रिजचा शरीरशास्त्रज्ञ लँग्ले यानें निकोटीनचे मज्जातंतूंवर प्रयोग केले आणि १९०५ सालीं असा विचार मांडला कीं, पेशींवर कांहीं ग्राहक द्रव्य असावें व निकोटीन त्यावर जाऊन बसत असावें. कुलूप आणि किल्ली यांची उपमा येथें चपखल बसते. पण हें कुलूप निसर्गानें तंबाखूसाठीं घडविलेलें नव्हतें. शरीर स्वतःच अ‍ॅसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य बनवितें. तीच त्याची खरी किल्ली. निकोटीन ही हुबेहूब उतरलेली खोटी किल्ली होय.

हें कुलूप मेंदूच्या कोणत्या दालनाला लावलेलें आहे, हें समजण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. १९५४ सालीं कॅनडांतील माँट्रिअल येथें जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनीं उंदराच्या मेंदूंत बारीक तार बसविली, आणि दांडी दाबली म्हणजे तारेंतून विजेचा सूक्ष्म झटका मिळेल अशी योजना केली. उंदीर तासाला शेकडों वेळां दांडी दाबूं लागले. मेंदूंत सुखाची अथवा ओढीची एक वाट आहे हें त्यावरून उघड झालें. १९५७-५८ च्या सुमारास स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनीं डोपामाइन हें मेंदूंतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य असल्याचें दाखविलें. त्यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९६४ सालीं त्यांच्याच देशांतील दाल्स्ट्रोम आणि फुक्से यांनीं डोपामाइन बनविणाऱ्या पेशींचा नकाशा तयार केला. त्या पेशी थोर विचारांच्या जागीं, कपाळामागच्या मेंदूंत, मुख्यतः सांपडल्या नाहींत. त्यांचे मोठे पुंजके निघाले खालीं, मेंदूच्या देठांत.

पानाला जसा देठ, तसा मेंदूलाहि एक देठ आहे. पाठीच्या कण्यांतून वर येणारा मज्जारज्जु मेंदूस जेथें मिळतो, त्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या भागाला हें नांव शोभतें. शास्त्रांत त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याचे खालून वर तीन भाग पडतात: लंबमज्जा, सेतु आणि मध्यमेंदू. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणें, ओकारी, झोप आणि जाग हीं कामें येथून चालतात. माणूस गाढ झोपेंत असो वा बेशुद्ध असो, देठ जागा असतो. मासा, बेडूक, पक्षी या सर्वांस तो आहे. विचार आणि भाषा नव्हत्या तेव्हांपासून हा भाग जीव जगविण्याचें काम करीत आला आहे.

या देठाच्या वरच्या भागांत, मध्यमेंदूच्या तळाशीं, डोपामाइनच्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. त्याचे तंतू वर अग्रमेंदूकडे जातात. तहानेल्यास पाणी मिळालें, भुकेल्यास अन्न मिळालें, कीं या पेशी चेततात आणि वर संदेश धाडतात. त्या संदेशाचा अर्थ एवढाच कीं, हें हिताचें आहे, हें ध्यानांत ठेव, पुन्हां कर. या पेशींस चेतविणारे कांहीं तंतू त्याच देठांत थोडें खालीं, सेतूच्या भागांतून येतात. त्यांचें संदेशवाहक द्रव्य म्हणजे तेंच अ‍ॅसिटिलकोलिन.

जुन्या मळ्यांतील मोटेचा दाखला घेतला तर पुढची गोष्ट सहज कळेल. विहिरीवर बैल मोट ओढीत आहेत, पाणी पाटानें वाफ्यांत जात आहे, आणि वाफा भिजला कीं जास्त झालेलें पाणी मोकळ्या बांधांतून निघून जात आहे. मोट म्हणजे मध्यमेंदूच्या पेशी आणि पाणी म्हणजे डोपामाइन. निकोटीन काय करतें? तें मोटकऱ्याचा आवाज काढून बैलांस पिटाळतें. मोटा भराभर वर येऊं लागतात. कोकेनचें काम वेगळें. वापरलेलें डोपामाइन पेशींत परत ओढून घेणारीं दारें असतात. कोकेन तीं दारें बुजवितें. बांध बंद झाल्यामुळें वाफ्यांत पाणी तुंबतें. एकानें आवक वाढविली, दुसऱ्यानें जावक अडविली. वाफा दोघांनींहि तोच बुडविला. पीक कुजतें तेंहि सारख्याच रीतीनें, कारण असल्या पुरापुढें भाकरी, पाणी, मुलांचें हांसणें यांचा नेहमींचा झुळझुळता पाट मेंदूस जाणवेनासा होतो.

तंबाखूच्या व्यवहारांत मराठी माणसाच्या तोंडीं जे शब्द बसले आहेत, त्यांचाहि उलगडा या देठांतच होतो. पहिल्यानेंच तंबाखू खाणाऱ्यास चक्कर येते, घाम फुटतो, ओकारी होते. त्याला “तंबाखू लागली” असें म्हणतात. लंबमज्जेंत रक्तांतलें विष ओळखून ओकारी घडविणारी जागा आहे. ती आपलें काम इमानानें करीत असते. शरीराचा हा पहिला नकार होय. मध्यमेंदूंतहि असा एक लगाम आहे. २०११ सालीं अमेरिकेंत फाउलर आणि केनी यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अग्रमेंदूकडून मध्यमेंदूंत उतरणारी एक वाट निकोटीनची मात्रा फार झाली म्हणजे “आतां पुरे” असा इशारा देते. त्या वाटेवरील विशिष्ट ग्राहक निकामी असले तर उंदीर निकोटीन घेतच सुटतात. माणसांतहि या ग्राहकाच्या आनुवंशिक बनावटींत फरक असतात, आणि त्यांचा तंबाखूच्या अति सेवनाशीं संबंध आढळला आहे. सारख्याच संगतींत वाढलेल्या दोघां भावांपैकीं एकाची तंबाखू सहज सुटते आणि दुसऱ्याची सुटत नाहीं, याला केवळ निश्चयाचा कमीअधिकपणा कारण नसतो.

दुसरा शब्द आहे “तलफ”. निकोटीन रक्तांतून सुमारें दोन तासांत निम्मे उतरतें. रात्रभराच्या झोपेंत त्याचा बहुतेक अंश नाहींसा होतो. इकडे नित्याच्या भडिमारानें मेंदूनें त्याच्या ग्राहकांची संख्या वाढवून ठेविलेली असते. सकाळीं हीं सारीं कुलपें रिकामीं असतात आणि किल्ली मागत असतात. चित्त ठिकाणावर राहत नाहीं, राग येतो, काम सुचत नाहीं. मनीषनगरच्या पानठेल्यावर भल्या सकाळीं मुकाट उभें असलेलें गिऱ्हाईक सुख घेण्यास आलेलें नसतें. रात्रींतून उतरलेलें द्रव्य भरून काढण्यास आलेलें असतें. हीच तलफ कोकेनची असली तर तिच्या मागें माणूस घरदार विकतो, आणि तंबाखूची असली तर ती दहावीस रुपयांत भागते. म्हणूनच दुसरी नजरेंत भरत नाहीं.

हें ज्ञान हातीं आल्यावरहि जगानें तें सुखासुखीं मान्य केलें नाहीं. १९८८ सालीं अमेरिकेचे सर्जन जनरल कूप यांच्या अहवालानें स्पष्ट सांगितलें कीं, तंबाखूचें व्यसन हें हेरॉइन आणि कोकेन यांच्याच जातीचें व्यसन आहे. त्यानंतर सहा वर्षांनीं, १९९४ सालीं, त्या देशांतील सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख विधिमंडळाच्या समितीपुढें शपथेवर बसले, आणि निकोटीन व्यसन लावीत नाहीं असेंच आपलें मत असल्याचें एकामागून एकानें सांगितलें.

महाराष्ट्रांत कायद्याची पावलें अडखळत पडलीं. २००२ सालीं राज्यानें गुटख्यावर बंदी घातली. २००४ सालीं ती सर्वोच्च न्यायालयांत टिकली नाहीं. २००३ च्या केंद्रीय कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकण्यास मनाई केली. २०११ सालीं अन्नपदार्थांत तंबाखू वा निकोटीन असूं नये असा नियम केंद्रानें केला. त्याच्या आधारें जुलै २०१२ मध्यें राज्यानें गुटखा व पानमसाला यांवर पुन्हां बंदी आणली, आणि पुढें ती सुगंधित तंबाखू व सुपारीपर्यंत वाढविली. पण गुटखा पाकिटांत येतो. खर्रा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटला जातो. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू घेतांना आढळले. धूर ओढणारे त्यांत थोडे, शेंकडा ३.८, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४. म्हणजे महाराष्ट्राचें हें दुखणें मुख्यतः गालांतलें आहे. सुपारीमुळें गालाची त्वचा ताठर होत जाऊन तोंड उघडेनासें होतें, आणि पुढें कित्येकांस मुखाचा कर्करोग गांठतो.

कायद्याच्या जोडीस या भूमींत दुसरा एक प्रवाह होता. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) आणि तुकडोजीमहाराज (१९०९–१९६८) या विदर्भाच्या दोघां संतांनीं गांवोगांव कीर्तनांतून आणि भजनांतून व्यसनाविरुद्ध लोकांस जागें केलें. मेंदूच्या देठाची माहिती त्यांच्या श्रोत्यांस नव्हती. तथापि एकट्यानें घेतलेल्या शपथेपेक्षां गांवासमोर, चारचौघांच्या आधारानें धरलेला निश्चय अधिक टिकतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें, पु. ल. देशपांडे यांनीं त्यास अर्थसाह्य दिलें. गर्दच्या व्यसनानें तरुण घरें सोडून रस्त्यावर येत होते तो काळ. तेथें व्यसनी माणसास रुग्ण म्हणून वागविलें गेलें, हाच मोठा फरक होता. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानें २०१६ पासून मुक्तिपथ हा दारू आणि तंबाखू यांविरुद्धचा उपक्रम गांवांच्या सहभागानें चालविला गेला.

आज वैद्यकाच्या हातींहि कांहीं साधनें आहेत. निकोटीनची गोळी किंवा चिकटपट्टी तलफेचा जोर उतरविते. २००६ पासून व्हॅरेनिक्लिन हें औषध वापरांत आलें. तें त्याच कुलपांत अर्धवट फिरणारी किल्ली बनून बसतें, त्यामुळें तलफ भागते आणि तंबाखूची मौजहि वाटत नाहीं. वैद्याच्या सल्ल्यानें घेतलेलें औषध, घरच्यांचा धीर आणि सोबतीला कोणी सुटलेला माणूस, या तिहींचा मेळ बसला म्हणजे सुटण्याची शक्यता वाढते. पहिल्या प्रयत्नांत न सुटलेलें तिसऱ्या किंवा पांचव्या प्रयत्नांत सुटतें, हा नित्याचा अनुभव आहे.

मेंदूच्या देठाचा हा शोध ऐकून निश्चयाला कांहीं किंमतच उरली नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. देठ हुकूम सोडतो. तो पाळावयाचा कीं नाहीं याचा विचार वरच्या मेंदूंतच होतो, आणि रोज हजारों माणसें तंबाखू सोडीत आहेत. शोधानें बदलला तो निवाडा. शपथ मोडलेल्या माणसाला खोटा म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, त्याची झुंज जिभेच्या चोचल्याशीं नसून, श्वास आणि तहान-भूक ज्या जागेंतून चालतात तिच्याच शेजारीं बसलेल्या मागणीशीं आहे. अशा झुंजींत हरलेल्यास फटकारे देऊन कोणी जिंकविलेलें नाहीं.

आणि झुंज मुळांतच टाळण्याची वेळ आयुष्यांत एकदांच येते, ती कोवळ्या वयांत. पोरवयांत मेंदूचा वरचा, आवर घालणारा भाग अजून पुरता पिकलेला नसतो; देठ मात्र जन्मापासून तयार असतो. पहिली चिमूट खाऊन ज्या मुलास तंबाखू लागते, चक्कर येते, त्याच्या शरीरानें त्या क्षणीं खरा सल्ला दिलेला असतो. त्या वेळीं सोबती हंसतात, “होईल संवय” म्हणतात, आणि दुसरी चिमूट पुढें करतात. शाळेपासूनच्या शंभर यार्डांचा कायदा कागदावर आहे. तो रस्त्यावर उतरविणें हें सरकारचें काम आहेच. पण दुसरी चिमूट पुढें करणारा तो हात अडविणें हें ज्या त्या वस्तींतल्या वडील माणसांचें काम आहे.